ह्यूमन जेनेटिक्समध्ये पोस्टडॉक शोधताय? या चुका टाळा

पीएचडीच्या शेवटच्या वर्षात पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम) बहुतेकांची यादी सारखीच असते. ब्रॉड, सँगर, हायडेलबर्गची ईएमबीएल, बेथेस्डाची एनएचजीआरआय. आधी संस्थांची नावं, मग तिथल्या पीआयची (लॅबच्या प्रमुख संशोधकांची) नावं आणि मग सगळ्यांना एकच ईमेल. या क्रमातच घोळ आहे. मानवी जनुकशास्त्रात तुमची पुढची तीन-चार वर्षं कशी जातील, हे तुमचा प्रश्न ठरवतो आणि त्या प्रश्नाला लागणारा डेटा ठरवतो. डेटा कुणाकडे आहे आणि तो वापरायची परवानगी तुम्हाला मिळणार का, हे कळल्यावरच संस्थेचं नाव यादीत यावं.

‘कोणतीही संधी चालेल’

ज्युनियर मुलामुलींचे ईमेल वाचताना ही ओळ मला सर्वाधिक दिसते आणि वाचून वाईट वाटतं, कारण काम चांगलं असूनही ती त्याच्यावर पाणी टाकते. पीआयला दर आठवड्याला अशी पत्रं येतात. ज्याला काहीही चालतं, त्याला नेमकं काय येतं हे शोधायला तो थांबत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमची पीएचडी विदर्भातल्या सिकलसेल रुग्णांवर आहे. भारतीय रुग्णांमध्ये मुख्यतः अरब-इंडियन हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय बदलांचा संच) आढळतो आणि त्यात फीटल हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतलं, सिकलसेलचा त्रास कमी करणारं हिमोग्लोबिन) आफ्रिकी हॅप्लोटाइपपेक्षा सहसा जास्त असतं. म्हणजे आजार सौम्य असायला हवा. तरीही मध्य भारतात तीव्र त्रासाचे रुग्ण दिसतातच. असं का, हा तुमचा प्रश्न. फीटल हिमोग्लोबिन दाबून ठेवणारं एक प्रमुख जनुक म्हणजे बीसीएल११ए. त्याच्या एन्हान्सरवर (जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या भागावर) क्रिस्पर हे जनुक-संपादनाचं तंत्र वापरून तयार झालेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झाली. या जनुकाच्या नियमनावर काम करणाऱ्या लॅबला ‘मला सिकलसेलमध्ये रस आहे’ असं लिहू नका. तुमच्या रुग्णांमध्ये काय दिसलं, त्यातलं काय अजून सुटत नाही आणि त्यांच्या अलीकडच्या पेपरमधली कोणती पद्धत ते सोडवू शकेल, एवढं लिहा. गडचिरोलीच्या रुग्णांचे नमुने स्वतः हाताळलेला उमेदवार त्या लॅबला रोज भेटत नाही.

ईमेल एका स्क्रीनवर मावावा. पीएचडी कधी संपते आणि कोणत्या फेलोशिपला अर्ज करायचा विचार आहे, हे शेवटी स्पष्ट सांगा. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. त्यानंतर थांबा.

उत्तरं कशी येतात, यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं. एकाही ठिकाणाहून उत्तर नाही, तर ईमेलमध्ये तुमचा प्रश्न दिसत नाही. ‘काम आवडलं, पण निधी नाही’ असं वारंवार येत असेल, तर ईमेल ठीक आहे. आता स्वतःच्या फेलोशिपचा प्रस्ताव पुढे करायला हवा. व्हिडिओ कॉलनंतर शांतता पसरत असेल, तर सादरीकरण किंवा तांत्रिक उत्तरं कमी पडतात.

फेलोशिपचं घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं

हुशार उमेदवार सगळ्यात जास्त इथे बाद होतात आणि तेही विज्ञानाशी संबंध नसलेल्या कारणाने.

युरोपची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप घ्या. अर्जाच्या अंतिम तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत, ज्या देशात जायचं त्या देशात तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. आपल्याकडे नेहमीचा बेत असा असतो की आधी जर्मनीतल्या लॅबच्या पैशांवर जाऊ, एक-दीड वर्ष काम दाखवू आणि मग तिथूनच मारी क्युरीला अर्ज करू. दीड वर्षानंतर तो अर्ज अपात्र ठरतो. त्या लॅबसाठी अर्ज करायचाच असेल, तर भारतात असतानाच किंवा तिथल्या पहिल्या वर्षात करा. त्यासाठी जाण्याची तारीख ठरवतानाच अंतिम तारीख समोर ठेवा.

ह्यूमन फ्रंटियर या आंतरराष्ट्रीय संशोधन कार्यक्रमाच्या फेलोशिपचा प्रकार वेगळा. पीएचडीतल्याच कामाचा पुढचा भाग मांडला तर तिथे निभाव लागत नाही. त्यांना विषयात खरी उडी हवी असते. पीएचडी भौतिकशास्त्र, गणित किंवा संगणकशास्त्रात असेल आणि आता जीनोमिक्सकडे यायचं असेल, तर त्यांची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप खास तुमच्यासारख्यांसाठी आहे. हा पर्याय आपल्याकडच्या संगणकवाल्या मुलांना कुणी सांगतच नाही. एम्बो या युरोपीय जीवशास्त्र संघटनेच्या फेलोशिपबाबत भारतीयांचा एक गैरसमज असतो की ती फक्त युरोपीय लोकांना मिळते. भारत २०१६ पासून त्यांचा सहयोगी सदस्य आहे, तेव्हा अर्ज जरूर करा.

अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची एफ३२ फेलोशिप फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका. त्यांच्याच के९९ या ग्रँटला मात्र नागरिकत्वाची अट नाही. तिची मर्यादा पोस्टडॉक अनुभवाच्या चार वर्षांची आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून तयारी लागते.

भारतातच राहायचं असेल, तर नॅशनल पोस्टडॉक्टोरल फेलोशिप आता एएनआरएफ या केंद्र सरकारच्या संशोधन निधी संस्थेकडून दिली जाते. तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षं आहे आणि महिलांना व राखीव प्रवर्गांना सवलत आहे. दिल्लीची आयजीआयबी, हैदराबादची सीसीएमबी, कल्याणीची एनआयबीएमजी, पुण्यातलं आयसर या ठिकाणी मानवी जीनोमवर किंवा त्याला लागून गंभीर काम होतं. ‘बाहेर नाहीच जमलं तर बघू’ म्हणून शेवटच्या महिन्यात तिथे केलेला अर्ज तसाच वाचला जातो.

डेटाबद्दल न केलेली चौकशी

जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले. जानेवारी २०२५ मध्ये हा डेटा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमार्फत संशोधकांसाठी खुला झाला. खुला म्हणजे अर्ज करून, मंजुरी घेऊन आणि अटी पाळून. ‘मी भारतीय आहे, भारतीय डेटा सोबत आणेन’ असं परदेशी पीआयला लिहिणं धोक्याचं आहे. पीएचडीत गोळा केलेले नमुनेही तुमचे नसतात. रुग्णांनी ज्या संमतीपत्रावर सही केली, ते आणि एथिक्स कमिटी त्यांची सीमा ठरवतात. परदेशी सहकार्य असलेल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते. नमुने पाठवायचे तर मटेरियल ट्रान्सफर करारही हवा. हे सगळं जमू शकतं, पण ते संस्थांमधलं सहकार्य म्हणून आणि गाईडला विश्वासात घेऊन. माणसाच्या जीनोमवर काम करणाऱ्याने संमतीकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहिलं, तर मला त्याच्या विज्ञानाबद्दलही शंका येते.

उलट बाजूनेही तेवढीच चौकशी हवी. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य आणि जनुकीय डेटाच्या संग्रहात सुमारे ५ लाख लोक आहेत, पण दक्षिण आशियाई वंशाचे त्यात जेमतेम दोन टक्के. भारतीय लोकसंख्येवर पॉलिजेनिक स्कोअर (अनेक जनुकीय बदलांवरून काढलेला आजाराच्या धोक्याचा अंदाज) काढायचं स्वप्न घेऊन फक्त या डेटावर बसलेल्या लॅबमध्ये गेलात, तर सहा महिन्यांत अडकाल. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांवरचा ‘जीन्स अँड हेल्थ’ हा अभ्यास असलेली लॅब त्या कामाला अधिक जवळची ठरेल. शिवाय यूके बायोबँकेची मंजुरी विशिष्ट संशोधन प्रकल्पाला मिळते. तुमचा नवा प्रश्न त्यात बसतो का, ते विचारा. विश्लेषण त्यांच्या क्लाउडवर करावं लागतं आणि त्याचं बिल येतं. ते कोण भरणार, हेही विचारा. असं विचारल्याने तुम्ही आगाऊ दिसत नाही. या क्षेत्राची माहिती असलेला उमेदवारच हे प्रश्न विचारतो.

तीन शिफारसपत्रं, एकच हात

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर. मग तिन्ही पत्रांत तेच शब्द, तीच विशेषणं आणि निवड समितीला ते लगेच कळतं. गाईडना मसुदा देऊ नका, एका पानाची टिपणं द्या: कोणत्या वर्षी कोणता प्रयोग फसला आणि तुम्ही तो कसा मार्गी लावला, डेटा विश्लेषणाची कोणती पाइपलाइन तुम्ही उभी केली, कोणत्या ज्युनियरला शिकवलं. ‘मॅडम, तुमच्या शब्दांत लिहिलंत तर वजन पडेल’ असं नम्रपणे म्हटलं, तर बहुतेक गाईड ऐकतात. निदान सहा आठवडे आधी सांगा. तिसरं पत्र विभागप्रमुखांच्या पदासाठी घेऊ नका. ज्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलं आहे अशा सहकाऱ्याचं घ्या.

तांत्रिक फेरीत होणारे घोटाळे

अनेक लॅब आता छोटी डेटा-चाचणी देतात. तिथे चमकदार मॉडेलपेक्षा साधी शिस्त तपासली जाते. एक फाइल जीआरसीएच३७ वर आणि दुसरी जीआरसीएच३८ वर (मानवी संदर्भ जीनोमच्या या दोन आवृत्त्या) असेल, तर ते आधी ओळखायला हवं. एक आवृत्ती २००९ ची आणि दुसरी २०१३ ची असली, तरी दोन्ही आजही सर्रास वापरात आहेत. ए-टी आणि सी-जी व्हेरिएंटमध्ये (डीएनएतल्या अक्षरबदलांमध्ये) स्ट्रँड, म्हणजे डीएनएचा धागा, उलटा असल्याचं सहज लक्षात येत नाही. भारतीय नमुन्यांत जातींतर्गत विवाहांमुळे नातेसंबंध आणि लोकसंख्येची रचना फार ठळक असते. विश्लेषणात तिचा हिशेब न करता असोसिएशन (व्हेरिएंटचा आजाराशी संबंध) दाखवलं, की परीक्षकाचा रस संपतो. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून परत पाठवू नका. एक्सेल ‘सेप्ट१’ सारखी नावं तारखेत बदलायचं, म्हणून २०२० मध्ये नामकरण समितीला अशा जनुकांची नावंच बदलावी लागली.

सादरीकरणात ‘आम्ही’ कमी करा. कोणतं काम तुमचं आणि कोणतं गटाचं, हे वेगळं सांगा. कोड गिटहबवर असेल, तर तो दुसऱ्याला चालवता येईल असा ठेवा.

दोन वेगळ्या वाटा, एकच नाव

अमेरिकेतल्या जाहिरातींत ‘लॅबोरेटरी जेनेटिक्स अँड जीनोमिक्स फेलोशिप’ दिसते. ते संशोधनाचं पोस्टडॉक नाही. दोन वर्षांचं क्लिनिकल प्रशिक्षण आहे, ज्यानंतर एबीएमजीजी या अमेरिकी वैद्यकीय जनुकशास्त्र मंडळाची बोर्ड परीक्षा देऊन निदान प्रयोगशाळेचे रिपोर्ट सही करता येतात. भारतीय पीएचडी असेल, तर पदवीची पडताळणी आधी करून घ्यावी लागते. रुग्णांच्या निदानाकडे ओढा असणाऱ्यांसाठी ही उत्तम वाट आहे. फक्त अर्जात पेपरांचा पाढा वाचण्याऐवजी व्हेरिएंटचं वर्गीकरण आणि रिपोर्टिंग यांचा अनुभव पुढे ठेवा.

व्हिसाबद्दल एकच सूचना. तीन-चार महिन्यांच्या भेटीसाठी अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर जाणार असाल, तर कागदावर ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ असल्याची खात्री करा. ‘रिसर्च स्कॉलर’ म्हणून गेलात आणि तो कार्यक्रम संपला, तर त्याच वर्गात २४ महिने परत जाता येत नाही आणि पुढचं पोस्टडॉक लटकतं.

ऑफर हातात आल्यावर

आनंदाच्या भरात लगेच ‘हो’ कळवलं जातं. आधी चार गोष्टी लेखी विचारा: पगार कोणत्या ग्रँटमधून आणि ती कधी संपते, माझा प्रकल्प आणखी कुणी करतंय का, कन्सोर्टियमच्या (अनेक लॅबच्या संयुक्त गटाच्या) पेपरवर शेकडो नावं असतात, त्यात माझं स्वतःचं पहिलं नाव असलेला पेपर कोणता असेल, आणि लॅब सोडताना प्रकल्पाचा कोणता भाग सोबत नेता येईल. शेवटचा प्रश्न विचारायला बहुतेक जण संकोचतात, पण स्वतःची लॅब उभी करायची असेल तर तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मग त्या लॅबमधून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेल्या दोघांशी फोनवर बोला, ईमेलवर नाही. लिहून द्यायला माणूस कचरतो आणि फोनवर मोकळेपणाने सांगतो.