बरडी जमिनीवर रोप जगवायचंय?

रामटेककडच्या टेकड्यांच्या उतारावर बरडी जमीन असते. वीतभर तांबूस माती, खाली मुरूम. ओतलेलं पाणी ठरतच नाही. तिथे सीताफळ, बोर लावायचं तर एवढं करा.

१. मे महिन्यात दोन फुटांचा खड्डा खणा. भरताना मुरूम नको, तलावाचा गाळ आणि शेणखत घाला.

२. निघालेल्या मुरमाचा रोपाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा बांध घाला, टोकं चढाकडे. वरून वाहत येणारं पाणी तिथेच अडून मुरतं.

३. आळ्यात चार बोटं तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरा. बोट खुपसून पाहा, उघडी माती कोरडी ठणठणीत असताना याच्याखालची ओलसर लागते.

कुटार बुंध्याला मात्र भिडवू नका, वाळवी चढते.