संदेष्ट्यांची वचने लिहून का ठेवली गेली? नव्या अभ्यासकांसाठी

हिब्रू बायबलमधील संदेष्ट्यांच्या ग्रंथांचा अभ्यास नव्याने हाती घेणाऱ्याने आरंभ यशयाच्या पहिल्या अध्यायापासून न करता यिर्मयाच्या 36व्या अध्यायापासून करावा, असे माझे आजवरच्या वाचनातून झालेले ठाम मत आहे. संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा, मुळात बोलणारा माणूस. वेशीत, मंदिराच्या अंगणात, राजासमोर उभा राहून तो बोले. मग त्याचे बोल लिहून ठेवण्याची गरज का भासली, हे तो अध्याय घडलेल्या प्रसंगातूनच दाखवतो.

यहूदाच्या यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 605च्या सुमारास, यिर्मयाला तोवरची वचने लिहून काढण्याची आज्ञा झाली. त्याने ती बारूख या लेखनिकाला तोंडी सांगून गुंडाळीवर उतरवून घेतली आणि स्वतःला मंदिरात जाण्याची बंदी असल्यामुळे उपवासाच्या दिवशी बारूखालाच ती तेथे वाचायला पाठवले. लेखनाचे पहिले कारण असे अगदी व्यावहारिक आहे : वक्त्याला मज्जाव असेल तेथेही त्याचा लेख पोहोचतो. पुढे ती राजवाड्यात वाचली जात असता राजाने तीन-चार रकाने झाले की तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकला आणि अखेर संपूर्ण गुंडाळी जाळली. यिर्मयाने ती पुन्हा लिहवून घेतली, आणि तशाच आणखी पुष्कळ वचनांची तिच्यात भर पडली. हे शेवटचे विधान अधोरेखित करून ठेवावे, कारण संदेष्ट्यांचे ग्रंथ टप्प्याटप्प्याने वाढले याची कबुली येथे ग्रंथ स्वतःच देतो.

बारूखाने मंदिरात वाचन केले ती खोली शाफानाचा मुलगा गमऱ्या याची होती. 1982 साली यरुशलेमच्या उत्खननात याच नावाचा मातीचा मोहर-ठसा सापडला. बाबेलच्या सैन्याने शहर जाळले त्या आगीत त्या काळचे कागदपत्र नष्ट झाले, परंतु त्यांवरचे मातीचे ठसे भाजून टिकले. ही माहिती प्रथम वाचली तेव्हा तो अध्याय मला नव्याने कळला.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ‘अनुवाद’ या नावाच्या, मोशेच्या नियमशास्त्रातील ग्रंथाच्या 18व्या अध्यायानुसार जे वचन खरे ठरत नाही ते परमेश्वराचे नव्हे. परंतु ही कसोटी लावायची तर वचन जसे उच्चारले गेले तसे हाती असले पाहिजे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा बाबेलच्या सत्तेतून दोन वर्षांत सुटका होईल म्हणत होता आणि यिर्मया सत्तर वर्षे सांगत होता. यरुशलेम पडल्यावर कोणाचे बोल जपायचे हे लोकांना ठरवता आले. यशयाच्या 30व्या अध्यायात तर वचन पुढील काळासाठी पाटीवर आणि ग्रंथात लिहून ठेवण्याची आज्ञाच आहे, आणि तिच्या लगेच पुढे लोक ऐकत नाहीत ही तक्रार येते. ऐकणारे नव्हते म्हणूनच लिहिले गेले, असे मला वाटते. जपलेले वचन कामी कसे येते हे पाहायचे असेल तर यिर्मयाचा 26वा अध्याय वाचावा : सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे मीखा या संदेष्ट्याचे वचन वडीलजनांनी शब्दशः उद्धृत केले, आणि यिर्मयाला देहदंड देऊ नये या बाजूला त्याने बळ दिले.

एवढे झाल्यावर यिर्मयाच्या प्राचीन ग्रीक पाठाकडे वळावे. तो हिब्रू पाठाहून सुमारे एक अष्टमांशाने लहान असून त्यातील अध्यायांचा क्रमही वेगळा आहे, आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत दोन्ही प्रकारच्या पाठांशी जुळणारे हिब्रू तुकडे मिळाले आहेत. त्यामुळे संदर्भ टिपताना तो कोणत्या पाठातील आहे हे प्रत्येक वेळी लिहावे; ग्रीक पाठात बारूखाच्या गुंडाळीची हकिकत 43व्या अध्यायात येते.