लायसन्स काढताय? आधी आधार काढून बघा

दारव्हा तालुक्यात मी सेवा केंद्र चालवते. कापसाची वेचणी आटोपली की लायसन्सच्या फॉर्मसाठी गर्दी होते आणि बहुतेकांचं एकच म्हणणं, "ताई, तुम्हीच करून टाका ना सारं." फॉर्म मी भरते. परीक्षा मात्र ज्याची त्यानंच द्यायची, इथं मी अडून बसते. वळणावर ओव्हरटेक करायचं की नाही, शाळेजवळ वेग किती ठेवायचा, हेच त्यात विचारतात आणि हे ज्याचं त्यालाच यायला पाहिजे.

अर्जाआधी आधार बघा. त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे, ओटीपी त्याच्यावरच येतो. बऱ्याच पोरींचा नंबर वडिलांचा असतो आणि वडील वावरात. लग्न झालेल्यांच्या आधारवर सासरचं नाव आणि दहावीच्या सनदेवर माहेरचं. हे आधीच जुळवून घ्या, नंतर दुरुस्तीला वेगळे हेलपाटे पडतात.

मग सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, महाराष्ट्र निवडून शिकाऊ लायसन्सचा अर्ज. इथं माझं कळकळीचं सांगणं आहे: नुसत्या स्कुटीवर थांबू नका. गिअरची मोटारसायकल आणि एलएमव्ही (कारसारखी हलकी मोटार वाहनं), दोन्ही वर्गांवर टिक करा. गिअरच्या लायसन्सवर स्कुटी चालतेच आणि 7500 किलोंपर्यंतचा ट्रॅक्टर एलएमव्हीतच येतो. "वावरातच तं चालवतो, लायसन काहून लागते?" असं विचारतात. अहो, ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर येतोच. विनालायसन्स दंड 5000 रुपये आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते. त्यात वावर विकायची पाळी येते.

दोन्ही वर्गांना वय 18 पूर्ण लागतं. सतरा वर्षांच्या पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लाडानं देऊ नका, बाप्पा.

शिकाऊची फी प्रत्येक वर्गाला 150 आणि परीक्षेचे 50 रुपये. आधारवर अर्ज केला तर परीक्षा घरूनही देता येते. आधी सुरक्षिततेचा व्हिडिओ पूर्ण बघायचा, मग कॅमेऱ्यासमोर उत्तरं. लोडशेडिंगची वेळ टाळा.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. हे दिवस खरे शिकायचे. गाडीला पुढंमागं पांढऱ्यावर लाल 'एल' लावा आणि शेजारी लायसन्सवालाच बसवा. मोटारसायकलवर मागं शिकवणाऱ्याशिवाय कोणी नको.

मोटारसायकलच्या चाचणीत पाय न टेकता आठच्या आकड्यात गाडी फिरवायची असते, हा पोरींचा धसका. सुटीच्या दिवशी रिकाम्या मैदानावर फक्कीनं मोठा आठ आखा. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक हलका आणि नजर पुढच्या वळणावर. चाकाकडं बघितलं की तोल जातो आणि पाय टेकतो. वळायच्या बाजूला हँडल ओढू नका, गाडी आपसूक कलू द्या. मोठा आठ जमला की रेषा आत आत घ्या. उजवीकडचं वळण बऱ्याच जणींना जड जातं, तेच जास्त करा. कारला रिव्हर्स आणि चढावर गाडी मागं न सरकू देता उचलणं, हे दोन घोटून घ्या.

चाचणीची तारीख ऑनलाइन घ्या. यवतमाळच्या आरटीओत जायच्या आधी आपल्या तालुक्याला आरटीओचा कॅम्प कधी आहे ते विचारा, एसटीचं भाडं आणि मजुरी वाचते. सोबत गाडीचं आरसी, चालू विमा आणि पीयूसी, डोक्यावर हेल्मेट. बसल्याबरोबर आरसे नीट करा, मग इंडिकेटर, मागं बघणं आणि निघणं. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. दलालाला पैसे देऊन चाचणी चुकवायचा विचारही करू नका.

कार्ड टपालानं येतं. म्हणून अर्जात पत्ता लिहिताना गावाच्या नावासोबत पोस्ट, तालुका आणि पिनकोड घाला. कार्ड यायच्या आधी डिजीलॉकरमध्ये लायसन्स दिसलं, की तेही पोलिसांना दाखवायला चालतं.