एबीएस असलेल्या गाडीने ट्रॅकवर ब्रेक कसा लावावा

पुण्या-मुंबईहून रोजच्या वापरातली गाडी घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेसाठी, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवण्यासाठी, जाणाऱ्यांची चर्चा टायर, एक्झॉस्ट आणि हॉर्सपॉवर यांभोवतीच फिरते. ब्रेकचा विषय निघालाच, तर ‘जोरात दाबा, बाकीचे एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) बघून घेईल’ एवढ्यावर संपतो. रस्त्यात अचानक कोणी आडवे आले तर हा सल्ला अगदी योग्य आहे. ट्रॅकवर मात्र तो अपुरा पडतो, कारण तिथे गाडी थांबवायची नसते, तर पुढच्या टायरांवर भार कायम ठेवून ठरलेल्या वेगाने वळणात न्यायची असते.

एबीएसचे काम समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. प्रत्येक चाकाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. एखादे चाक गाडीच्या वेगाच्या मानाने फार झपाट्याने मंदावू लागले, की यंत्रणा त्या चाकाच्या ब्रेकचा दाब रोखते, कमी करते आणि पकड परतताच पुन्हा वाढवते. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरते आणि पायाखालचे पेडल थरथरते. टायरची सर्वाधिक पकड चाक साधारण 10 ते 20 टक्के घसरत असताना मिळते. चाक पूर्ण लॉक झाले तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते, आणि एबीएस टाळते ते मुख्यतः हेच. फॉर्म्युला वनमध्ये 1994 पासून एबीएसला बंदी असली तरी जीटी 3 वर्गाच्या रेसिंग गाड्यांत ते असते आणि तिथले व्यावसायिक चालक त्याचा पुरेपूर उपयोग करतात. त्यामुळे एबीएस ही नवशिक्यांची कुबडी आहे, या समजुतीत फारसा अर्थ नाही.

पेडलवर लाथ मारू नये. ते वेगाने पण चढत्या दाबाने दाबावे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो, पण त्याला क्षणभर लागतो. तो भार पोहोचण्याआधीच पूर्ण दाब दिला, तर पुढचे टायर हलके असतानाच चाके लॉक होऊ पाहतात आणि एबीएस नको तेव्हा जागे होते. म्हणून सुरुवातीचा अंशभर क्षण भार पुढे येऊ द्यावा आणि लगेच दाब कमाल पातळीवर न्यावा. पेडलची पहिली बारीक थरथर लागली की मर्यादा कळली असे समजून दाब किंचित हलका करावा. सरळ पट्ट्यावर संपूर्ण ब्रेकिंगभर पेडल धडधडत राहिले, तर पाय गरजेपेक्षा जास्त जोर लावत आहे.

एक अनुभव नवख्यांना घाबरवतो. उंचवट्यावर चाक हलके होते किंवा पाय फार अचानक पडतो, आणि यंत्रणा पकड फारच कमी आहे असे गृहीत धरून दाब उतरवते. पेडल दगडासारखे कडक होते आणि गाडी मात्र मंदावत नाही. ट्रॅकवरची मंडळी याला ‘आइस मोड’ म्हणतात. अशा वेळी आणखी जोर लावून उपयोग नसतो. दाब क्षणभर सोडून पुन्हा, या वेळी जरा सावकाश, चढवावा लागतो. हे पाऊल मोकळी जागा असलेल्या ट्रॅकपुरतेच आहे. सार्वजनिक रस्त्यावर आणीबाणीत पेडल सोडण्याच्या फंदात पडू नये.

ब्रेक कुठे लावायचा, याचा अंदाज आधी आकड्यांनी घ्यावा. कोरड्या डांबरावर चांगले टायर साधारण 1 जीची (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकी) मंदता देतात असे धरले, तर ताशी 160 किलोमीटरवरून 80 वर येण्यास सुमारे 75 मीटर लागतात. तरीही पहिल्या सत्रात वळणाआधीच्या 150 मीटरच्या पाटीलाच ब्रेक लावावा आणि टायर तापून गाडीची रेषा दर फेरीला तीच येऊ लागल्यावर तो बिंदू थोडा थोडा पुढे न्यावा. इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावल्याच्या बढाया पॅडॉकमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या तळावर) भरपूर ऐकू येतात. पण माझ्या मते लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा, वेळ ब्रेक सोडण्यातून जास्त सुधारतो.

कारण वळणात शिरताना टायरची पकड ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्यात वाटली जाते. स्टिअरिंग जसजसे वाढेल तसतसा पेडलवरचा दाब उतरवत नेऊन ॲपेक्सच्या (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते त्या बिंदूच्या) सुमारास तो शून्यावर आणावा. ब्रेक एकदम सोडला तर गाडीचे नाक वर येते, पुढचे टायर हलके होतात आणि गाडी वळणाबाहेर सरकू लागते. उलट पूर्ण दाबासकट वळवले तर एबीएस चाके लॉक होऊ देत नाही, पण वळण्यासाठी उरलेली पकडही फारशी नसते.

काही जण ‘खरी मजा’ मिळावी म्हणून एबीएसचा फ्यूज काढतात. असे करू नये. अनेक गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांतील ब्रेकचे वाटपही त्याच यंत्रणेकडे असते. ती बंद पडली की मागची चाके आधी लॉक होऊन गाडी गिरकी घेऊ शकते.

ब्रेकची उष्णता हा स्वतंत्र विषय असला तरी टाळता येत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट वेगाला चौपट उष्णता. पेडल नेहमीसारखे घट्ट असूनही गाडी मंदावत नसेल तर पॅड तापले आहेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळले आहे. दोन्ही वेळा तो लॅप सोडून हळू पिटमध्ये (ट्रॅकलगत गाडी थांबवण्याच्या जागी) यावे. निघण्यापूर्वी ताजे डॉट 4 किंवा 5.1 दर्जाचे ब्रेक ऑइल भरावे: डॉट 4 चा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत 230 अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत येऊ शकतो. डॉट 5 वेगळे, सिलिकॉनचे असते. ते एबीएसच्या गाडीत घालू नये.

सत्राच्या शेवटी एक लॅप शक्यतो ब्रेक न लावता हळू चालवावा. ब्रेक तापलेले असताना पिटमध्ये हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडथळा लावावा. परतीच्या प्रवासाला निघण्याआधी पॅडची जाडी आणि ऑइलची पातळी पाहावी, आणि पेडल थोडेही मऊ वाटल्यास ऑइल बदलून किंवा हवा काढूनच हायवेला लागावे.