ड्रायव्हरचं घड्याळ आणि आपली ‘पाच मिनिटं’: कोचने नॉर्थ वेल्स फिरताना या चुका टाळा

आमच्या लंडनच्या मंडळाने पहिल्यांदा कोच, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोठी बस, ठरवून नॉर्थ वेल्सची चार दिवसांची सहल काढली, तेव्हा कार्यक्रम आखणारा मीच होतो. किल्ले, बाग, समुद्र, जुनी गावं, सगळं होतं त्यात. नव्हता तो फक्त ड्रायव्हरच्या झोपेचा हिशोब. दुसऱ्या दिवशी प्रत्येक थांब्यावर ‘आलोच, पाच मिनिटं’ करत करत हॉटेलवर पोचायला रात्रीचे दहा वाजले. सगळे उतरल्यावर ड्रायव्हरने मला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं, “उद्या सकाळी नऊच्या आत बस हलणार नाही.” आम्ही आठला निघणार होतो. तो गेलेला एक तास आम्ही कार्नार्व्हनच्या किल्ल्यातून कापला.

त्यानंतर आणखी दोन सहली काढल्या. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आमच्या स्वतःच्या आहेत.

कोचचं वेळापत्रक कारसारखं आखणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून आधी ती. इथे कोचच्या ड्रायव्हरला सलग साडेचार तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. त्याआधी ४५ मिनिटांची सुट्टी घ्यावीच लागते. दिवसभरात चालवण्याची मर्यादा ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास. आणि एरवी रोज रात्री सलग ११ तास विश्रांती. ती काही वेळा ९ तासांवर आणता येते, पण ते ड्रायव्हर आणि त्याच्या कंपनीने ठरवायचं, आपण गृहीत धरायचं नाही. हे सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं. तिथे ओळख, विनंती, चिवड्याचं पाकीट, काही चालत नाही.

लंडनहून नॉर्थ वेल्सच्या किनाऱ्यावरचं लँडिडनो गाव अडीचशे मैलांच्या आसपास. कारने सकाळी निघून जेवायला पोचता येतं. कोचने वाटेत ४५ मिनिटांचा थांबा धरायचाच, आणि तो खरोखर ४५ धरायचा. पन्नास माणसं आणि स्वच्छतागृहाची रांग म्हटल्यावर तेवढी लागतातच. त्या वेळात “जरा डिकी उघडता का, स्वेटर खाली राहिला” असं ड्रायव्हरला सांगायला जाऊ नका. त्याची सुट्टी म्हणजे सुट्टी, त्यात दुसरं काम केलं तर ती सुट्टी धरत नाहीत.

रात्रीचं गणितही सोपं आहे. सकाळी आठला सुरुवात केली आणि ११ तासांची विश्रांती राखायची, तर रात्री नऊला बस हॉटेलच्या दारात उभी हवी. मध्ये तुम्ही किल्ल्यात फिरत असलात आणि बस नुसती उभी असली, तरी त्याचा दिवस चालूच असतो. आम्ही नेमकं इथे फसलो होतो: “तो तर नुसता बसलाय, त्याला काय उशीर?”

आता आम्ही कागदावर दोन वेळा लिहितो. ‘बसमध्ये बसण्याची’ आणि पंधरा मिनिटांनंतरची ‘बस सुटण्याची’. पब्लिकला फक्त पहिली सांगतो.

जाता जाता आणखी एक. स्वतः कोच ठरवलात, तर ड्रायव्हरच्या खोलीचा आणि जेवणाचा खर्च बहुतेक वेळा ग्रुपकडेच असतो. कोटेशनमध्ये ती ओळ शोधा. आणि त्याला स्वतंत्र खोली द्या, आपल्यातल्या कुणा काकांच्या घोरण्याशेजारी नको.

एका दिवसात तीन किल्ले

नकाशावर कॉन्वी, कार्नार्व्हन आणि बोमॅरिस इतके जवळ दिसतात की हात शिवशिवतात. तिन्ही बांधवले इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने, तिन्हीवर काम केलं जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या एकाच स्थपतीने, आणि १९८६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत एकत्र आहेत. एका दिवसात तिन्ही दाखवले, तर तिसऱ्याच्या दारात मंडळी म्हणतात, “पुन्हा तेच?” आणि चहाची टपरी शोधायला लागतात.

दोन दिवसांत दोन बघा, आणि बघायच्या आधी बसमध्ये पाच मिनिटं बोला. आमच्या बसमधल्या एका आजोबांनी पहिलाच प्रश्न विचारला होता: “आपले किल्ले डोंगरावर. हे लोक पाण्याच्या कडेला कशाला बांधतात?” उत्तर कॉन्वीतच आहे. १२९४-९५ च्या हिवाळ्यात वेल्श लोकांनी उठाव केला आणि राजा एडवर्ड याच किल्ल्यात अडकून पडला. जमिनीवरच्या वाटा तुटलेल्या. तो तगला, कारण रसद समुद्रातून येऊ शकत होती. आजोबांनी मान डोलावली. “म्हणजे जंजिऱ्यासारखंच की! समुद्राकडची बाजू मोकळी, मग वेढा घालून काय उपयोग?” त्यानंतर पुढचे दोन दिवस आमचे गाइड तेच होते.

कॉन्वीचा किल्ला १२८३ ते १२८७ या चार-पाच वर्षांत उभा राहिला. आठ बुरूज, आणि वर जायला दगडी गोल जिने. पायऱ्या अरुंद, काही ठिकाणी झिजलेल्या, आणि चढणाऱ्याला उतरणारा समोरून भेटला की दोघांपैकी एकाने भिंतीला चिकटायचं. साडी किंवा लांब कुर्त्याचा घेर इथे पायात येतो. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी वर जायचा हट्ट करू नये. आतलं मोठं दालन आणि अंगण खालूनही छान दिसतं.

त्यांच्यासाठी कार्नार्व्हन जास्त बरा. तिथल्या किंग्ज गेट या दरवाजाचं मोठं काम होऊन २०२३ मध्ये तो पुन्हा खुला झाला, आणि आता लिफ्टने वर तटापर्यंत जाता येतं. म्हणून कार्यक्रमातून एक किल्ला काढायची वेळ आली, तर कार्नार्व्हन काढू नका. आम्ही काढला होता, आणि मंडळातल्या तीन आज्यांनी वर्षभर तो विषय सोडला नाही.

कॉन्वीत दुसरी गफलत बसची होते. गावाभोवती सव्वा किलोमीटरहून लांब तटबंदी आहे, २१ बुरुजांसकट, आणि तिच्यातल्या कमानी घोड्यांच्या काळातल्या. कोच आत फिरत नाही. तुम्हाला बाहेर उतरवून तो पार्किंगला निघून जातो. “दमलो, बस इकडेच बोलवा” हे जमत नाही. उतरतानाच सगळ्यांना ती जागा दाखवा, फोटो काढायला लावा, ‘इथेच आणि एवढ्या वाजता’ असं दोनदा सांगा.

आणि वेल्सला ‘इंग्लंड’ म्हणू नका. हे किल्ले वेल्श लोकांना दाबून ठेवायला बांधलेले होते, हे तिथलं प्रत्येक शाळकरी पोर जाणतं. आमच्यातल्या एकाने तिकीट खिडकीवर “तुमच्या इंग्लंडमधला सर्वात सुंदर किल्ला” असं कौतुक केलं. बाईंनी हसून दुरुस्ती केली. पण केलीच.

बागेची तारीख न बघणं

बोडनंटची बाग बहुतेक जण एका फोटोमुळे कार्यक्रमात घालतात: पिवळ्या फुलांच्या घोसांचा लांबलचक बोगदा. ती लॅबर्नमची कमान, ५५ मीटर लांब, १८८० च्या सुमाराची. आपला बहावा फुलला की कसा दिसतो, तसेच लटकते घोस, फक्त डोक्यावर छपरासारखे आणि सरळ रांगेत. पण ती फुलते साधारण मेच्या शेवटी ते जूनच्या सुरुवातीला, दोन-तीन आठवडे. आम्ही पहिल्यांदा गेलो शाळांच्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये. कमान हिरवीगार होती. “हीच का ती?” असं मला सतरा जणांनी विचारलं, आणि अठराव्याला मी “नाही” म्हणालो.

ऑगस्टमध्ये जाऊ नका असं नाही. मोठी बाग आहे, ८० एकर, बाकी पुष्कळ बघायला असतं. फक्त पिवळ्या कमानीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून लोकांकडून पैसे गोळा करू नका.

दुसरं, वेळ. वरच्या गच्च्या बघून मंडळी खुशीत खाली दरीतल्या झाडीकडे उतरतात, आणि मग कळतं की परत चढायचं आहे. एका तासात बोडनंट उरकत नाही, अडीच तास तरी द्या. ज्यांना चढ नको त्यांनी वरच्या भागातच रमावं. आणि लॅबर्नमच्या शेंगा मुलांच्या हाती लागू देऊ नका. दिसतात मटारासारख्या, पण हे झाड सगळंच्या सगळं विषारी आहे, बिया तर विशेष.

समुद्र दिसला की बूट काढणं

लँडिडनोला दोन किनारे आहेत. हॉटेलांसमोरचा, म्हणजे जिथे १८७७ चा तो सातशे मीटरचा पिअर समुद्रात घुसलाय, तो गोट्यांचा. अनवाणी चालायचं स्वप्न तिथे पहिल्या दहा पावलांत मोडतं. वाळूचा किनारा गावाच्या पश्चिमेला. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की आपण चालत चालत फार पुढे जातो, आणि भरती येते ती मागच्या खोलगट भागातून वाट काढत. आपण कोकणातले असलो तरी हे पाणी आपल्या ओळखीचं नाही. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री बघा आणि कार्यक्रम त्याप्रमाणे हलवा.

छत्री घरी ठेवा. वारा ती उलटी करून देतो. टोपीवालं रेनकोटाचं जाकीट हवं, जूनमध्येसुद्धा.

डबे, खोल्या आणि धूर

बसमध्ये खायला नेण्याआधी कंपनीला विचारा. कोरडा खाऊ बहुधा चालतो, गरम आणि वासाचं बरेच ड्रायव्हर चालू देत नाहीत. ठेपले, लाडू, चकल्या ठीक. मिसळीचा बेत घरी करा.

हॉटेलला नुसतं ‘व्हेजिटेरियन’ कळवणं ही चूक जवळपास प्रत्येक ग्रुप करतो. इथे त्या शब्दात अंडं बसतं. ‘अंडं नको, जिलेटिन नको’ असं स्वच्छ लिहून, किती जणांसाठी ते आकड्यात सांगून, किमान आठवडाभर आधी पाठवा. आणि जेवणाची वेळ संध्याकाळी साडेसहा असेल, तर ती साडेसहाच असते. साडेआठला जाऊन “थोडं गरम करून द्या” म्हणायचं, तर स्वयंपाकघर धुऊन झालेलं असतं.

आता धूर. दुसऱ्या सहलीत एका मावशींनी सकाळी साडेसहाला खोलीत नेहमीप्रमाणे उदबत्ती लावली. आगीचा अलार्म वाजला आणि दीड मिनिटात अख्खं हॉटेल गाऊनवर आणि चपलांवर समुद्राकाठी उभं. मावशी हातात गणपतीची तसबीर घेऊन. पाऊसही होता. तेव्हापासून आमच्या सूचनांच्या कागदावर पहिली ओळ तीच असते: खोलीत उदबत्ती, धूप, कापूर नाही. खोलीतल्या किटलीत मॅगीही नाही.

रुमाल टाकून जागा धरणं

एसटीतली सवय सातासमुद्रापार येते. पहिल्या दिवशी पुढच्या चार सीट ज्यांनी पकडल्या, त्या चौथ्या दिवशीही त्यांच्याच, आणि मागे बसलेल्यांचे चेहरे बघवत नाहीत. रोज दोन रांगा पुढे-मागे सरका असा नियम निघण्याआधीच जाहीर करा. बस लागते अशा दोघा-तिघांना पुढे कायमची जागा द्या, कारण सांगून.

औषधं डिकीतल्या बॅगेत नकोत, विशेषतः इन्सुलिन. बसमधलं स्वच्छतागृह अगदी अडल्या वेळेसाठी. मोटरवेवर थांबलात की तिथे तशाच दिसणाऱ्या पांढऱ्या बस रांगेने उभ्या असतात, म्हणून उतरताना नंबर प्लेटचा फोटो घ्या. आमचे एक काका दुसऱ्याच बसमध्ये जाऊन डोळे मिटून बसले होते. शेजारची बाई वेल्शमध्ये बोलायला लागली तेव्हा त्यांना जाग आली. म्हणून मोजणी नुसत्या आकड्याने करू नका, जोड्या लावा. ‘माझा जोडीदार नाही’ हे माणसाला लगेच कळतं, ‘एकोणपन्नास की पन्नास’ यात घोळ होतो.

पाट्या न वाचणं

पाट्या दोन भाषांत असतात, पण कुठे वेल्श वर, इंग्रजी खाली, आणि घाईत नजर वरच्या ओळीवर जाते. ‘आर गाय’ म्हणजे बंद, ‘आर अगोर’ म्हणजे उघडं. ‘टॉयलेडाय’ कशासाठी ते सांगायला नको. एफ या अक्षराचा उच्चार वेल्शमध्ये ‘व्ह’ होतो, म्हणून कार्नार्‘व्हन’.

रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘ए आर ए एफ’ असं रंगवलेलं सारखं दिसतं. अर्थ ‘सावकाश’, आणि उच्चार जवळपास ‘आरव’. आमच्या बसमध्ये त्या नावाचा सात वर्षांचा मुलगा होता. कुणीतरी त्याला हे सांगितलं आणि तो खिडकीला चिकटला. परतीच्या वाटेवर त्याने स्वतःचं नाव रस्त्यावर सदतीस वेळा मोजलं. मग मोजणी थांबली, तेव्हा वेल्स संपल्याचं बसमध्ये सगळ्यात आधी त्यालाच कळलं.