भट्टीचा सेट पॉइंट मॉडेलवर सोपवताय? या चुका टाळा

रोलिंग मिलच्या रीहीटिंग फर्नेसला, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे (बिलेट) लाटण्याआधी तापवणाऱ्या भट्टीला, मशीन लर्निंग लावायचं ठरलं की वाद रंगतो तो अल्गोरिदमवर. घोळ त्याआधीच, डेटात झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारा घोळ असा. जुन्या लॉगमध्ये जिथे सेट पॉइंट (भट्टीला ठरवून दिलेलं तापमान) चढा, तिथे बिलेट थंड निघालेलं दिसतं. खरं तर बिलेट थंड येतंय, मिल मोटरचा करंट चढतोय, हे पाहूनच भट्टीवाल्याने सेट पॉइंट वाढवलेला असतो. मॉडेलला हे कोण सांगणार? भट्टी वाढवली की बिलेट गार होतं, असं ते बिनधास्त शिकतं आणि तसाच सल्ला देतं. म्हणजे शिकलं ते भट्टीवाल्याची सवय, भट्टी नव्हे. त्यात उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दर मिनिटाची ओळ जोडून काही हाती लागत नाही. एका बिलेटची एक ओळ करा: ते भट्टीच्या कोणत्या झोनमध्ये (भागात) किती मिनिटं होतं, तेव्हा तिथे किती तापमान होतं. शिवाय प्रॉडक्शनवाल्यांना विचारून, पोलादाच्या ग्रेडच्या (प्रकाराच्या) मर्यादेत, सेट पॉइंट मुद्दाम १०-१५ अंश हलवून पाहा. असा थोडासा डेटाही जुन्या लॉगच्या ढिगाऱ्यापेक्षा जास्त सांगतो.

आउटपुट म्हणून काय धरलंय? भट्टीच्या छतातलं थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) वायू आणि भिंतीचं तापमान सांगतं, बिलेटचं नाही. दारातला पायरोमीटर (लांबूनच तापमान मोजणारं यंत्र) बहुतेकदा वरची स्केलच, म्हणजे ऑक्साइडची खपलीच, वाचतो. रफिंग स्टँडनंतर (लाटणाऱ्या पहिल्या रोलांनंतर), स्केल झडल्यावरचं रीडिंग जास्त भरवशाचं.

ट्रेन-टेस्ट विभागणी (कोणत्या डेटावर शिकवायचं, कोणत्यावर तपासायचं) रँडम करू नका. शेजारची बिलेट्स एकाच हीटची (पोलादाच्या एकाच घाण्याची), एकाच शिफ्टची; कागदावर चूक नगण्य दिसेल आणि मिलमध्ये हसं होईल. तारखेने कापा.

कॉबल होऊन (लाटताना माल रोलांत अडकून) मिल थांबली, ते तास 'आउटलायर' म्हणून उडवणं ही आणखी एक खोड. सल्ल्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असते! १२०० अंशांच्या आसपास बिलेट नुसतं पडून राहिलं की स्केल वाढत जाते आणि माल जळतो. कास्टरवरून (पोलाद ओतून बिलेट बनवणाऱ्या यंत्रावरून) थेट गरम बिलेट येत असेल तर चार्जिंग तापमानाचा (भट्टीत शिरतानाच्या तापमानाचा) कॉलम हवाच.

किमान-कमाल मर्यादा पीएलसीत (भट्टी चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) ठेवा, मॉडेलच्या हाती देऊ नका. पहिले काही आठवडे सल्ला फक्त स्क्रीनवर दाखवा. भट्टीवाल्याने तो नाकारला तर कारण लिहून घ्या. 'तीन नंबरचा बर्नर नीट पेटत नाहीये' ही नोंद तुमच्या एकाही कॉलममध्ये नसते.