स्विमिंग पूलचे पाणी उन्हावर तापवताना पॅनेलआधी पाइप बघा

घरच्या स्विमिंग पूलला सोलर लावायचे ठरले की सगळी चर्चा पॅनेलभोवती फिरते: कुठले घ्यावे, हमी किती वर्षांची, रंग कोणता. पॅनेल चांगले हवे हे खरेच. पण ‘सोलर लावले तरी पाणी थंडच’ अशी तक्रार ज्या यंत्रणांबद्दल येते, त्यांतली पॅनेल बहुतेक वेळा ठणठणीत असतात. पाइप चुकलेले असतात. पाणी पॅनेलमध्ये कुठून शिरते, कुठून बाहेर पडते आणि पंप थांबल्यावर त्याच्या जागी हवा कुठून येते, यावर सगळे ठरते. म्हणून या लेखातली जास्तीत जास्त जागा त्यालाच देतो. तलाव, पंप आणि फिल्टर नीट चालतात असे धरून पुढे जाऊ.

१. आधी कव्हर घ्या

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलाव घ्या. त्यात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. एवढे पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला साधारण ५२ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. आता उलटा हिशेब करा. उघड्या पाण्यावरून कोरडा वारा वाहत असेल आणि ५ मिलिमीटर पाणी उडून गेले, तर १६० लिटर पाण्याची वाफ झाली. ती वाफ जाताना शंभरावर युनिट उष्णता घेऊन जाते, म्हणजे तलाव जवळजवळ २ अंशांनी गार होतो. तलावातून जाणाऱ्या उष्णतेतला सर्वात मोठा वाटा या बाष्पीभवनाचाच असतो.

म्हणून ‘आधी पॅनेल लावू, कव्हरचे पुढे बघू’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. बबल कव्हर, म्हणजे हवेचे फुगे असलेली प्लास्टिकची चादर, घ्या आणि फुगे पाण्याकडे करून पसरा. पोहायला उतरण्याआधी ते पूर्ण काढा, अर्धे गुंडाळून कधीच पोहू नका. हे कव्हर माणसाचे वजन पेलत नाही आणि त्याखाली सापडलेल्या मुलाला वर येण्याची वाट मिळत नाही. लहान मुले असतील तर सुरक्षेसाठी कुंपण किंवा सुरक्षा-जाळी वेगळी हवी. बबल कव्हर ते काम करत नाही.

२. पॅनेल निवडा आणि मोजा

काच नसलेली, काळ्या पॉलिप्रॉपिलीनची किंवा रबराची पॅनेल घ्या. तलावाचे पाणी २६ ते २८ अंशांच्या आसपास ठेवायचे असते, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा थोडेच गरम. एवढ्या कमी फरकात काच फारसे काही मिळवून देत नाही, खर्च मात्र वाढवते. कडाक्याच्या थंडीतही तलाव वापरायचा असेल तरच काचेच्या पॅनेलचा विचार करा. आंघोळीचा सोलर हीटर तलावाला जोडायचा सल्लाही सर्रास मिळतो. तो थोडे पाणी खूप गरम करण्यासाठी बनवलेला असतो, आणि आपल्याला खूप पाणी थोडे गरम करायचे आहे. शिवाय त्यात तांब्याच्या नळ्या असतील तर क्लोरीनचे पाणी त्यांतून थेट फिरवणे त्यांना बाधते.

पॅनेलचे क्षेत्रफळ तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून त्याच्या बरोबरीपर्यंत ठेवतात. कव्हर नियमित वापरणार असाल आणि हवामान उबदार असेल तर निम्मे-पाऊण पुरते. वरच्या तलावाला २४ चौरस मीटर पॅनेल लावली आणि दिवसभर स्वच्छ ऊन मिळाले, तर प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे साडेतीन युनिट हाती लागतात. म्हणजे दिवसाला दीड अंशाच्या थोडे वर. हीच यंत्रणेची खरी गती आहे. दोन दिवसांत ८ अंश वाढवून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

३. पॅनेल बसवा

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. दिशा ४५ अंशांपर्यंत ढळली तरी चालते. वर्षभर वापरायचे असेल तर उतार अक्षांशाइतका ठेवा. फक्त उन्हाळ्यात वापरायचे असेल तर त्याहून दहा-पंधरा अंश कमी. झाडाची किंवा टाकीची सावली पडत असेल तर जागा बदला.

बांधताना एकच लक्षात ठेवा: प्लास्टिक उन्हात वाढते. ३ मीटर लांबीचे पॅनेल पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात येईपर्यंत दोनेक सेंटीमीटर लांब होऊ शकते. पॅनेलच्या वरच्या आणि खालच्या कडेला बारीक नळ्या जोडणारा जो जाड आडवा पाइप असतो तो हेडर. वरचा हेडर पक्का धरा, खालचा सरकता ठेवा आणि मधले पट्टे वारा अडवण्यापुरते आवळा. दोन्ही टोके जखडलेले पॅनेल वाकते, मग जोडापाशी गळते.

४. पाइप

इथे सावकाश वाचा. हा टप्पा मलाही खूप दिवस छळत होता, कारण यातले नियम वेगवेगळे सांगितले जातात आणि ते का पाळायचे हे कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, पाण्याचा वेग. सर्वात जास्त ऐकू येणारा सल्ला असा: पाणी हळू सोडा, म्हणजे पॅनेलमध्ये जास्त वेळ राहून जास्त तापेल. हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे. हळू गेलेले पाणी बाहेर पडताना हाताला गरम लागते, पण तेवढ्यात पॅनेलही गरम होते आणि गरम पॅनेल आपली उष्णता हवेला देऊन टाकते. तलावाला उपयोग किती लिटर पाणी किती अंशांनी तापले याच्या गुणाकाराचा आहे. नुसत्या अंशांना अर्थ नाही. पॅनेलच्या दर चौरस मीटरला मिनिटाला ४ लिटरच्या आसपास पाणी हवे. २४ चौरस मीटरला मिनिटाला सुमारे १०० लिटर, म्हणजे तासाला ६ हजार लिटर. एवढ्या प्रवाहात भर उन्हात परतीचे पाणी जेमतेम अडीच-तीन अंशांनी गरम असते. हाताला फरक जाणवतही नाही. तो जाणवत नाही म्हणजे काम बरोबर चालले आहे. परतीचे पाणी कढत आले तर खूश होऊ नका, प्रवाह कुठे अडतो आहे ते शोधा.

दुसरी गोष्ट, सगळ्या पॅनेलना सारखे पाणी मिळणे. पाणी आळशी असते, सर्वात सोपी वाट धरते. खालच्या हेडरच्या डाव्या टोकातून आत घेऊन वरच्या हेडरच्या डाव्याच टोकातून बाहेर काढले, तर बहुतेक पाणी पहिल्या दोन-तीन पॅनेलमधून निघून जाते आणि उजवीकडची पॅनेल नुसती भाजत बसतात. नियम साधा आहे: खालच्या एका कोपऱ्यातून आत, वरच्या समोरच्या कोपऱ्यातून बाहेर, म्हणजे कर्णाने. असे केले की कुठल्याही पॅनेलमधून गेले तरी पाण्याला जवळपास सारखेच अंतर कापावे लागते. पाइप जास्त लागतो, म्हणून जोडणारे टाळाटाळ करतात. तिथे हटून बसा. पॅनेलचे दोन गट करावे लागले तर त्यांनाही हेच लागू: ज्या गटाला पाणी आधी मिळते, त्याचा परतीचा पाइप सर्वात लांबून फिरून यावा. एका ओळीत किती पॅनेल चालतात हे निर्माता लिहून देतो. ती मर्यादा ओलांडू नका.

हे जमले की नाही, ते भर दुपारी पंप चालू ठेवून तपासा. प्रत्येक पॅनेलच्या वरच्या भागावर हात फिरवत जा. गार लागणारे पॅनेल चांगले, कारण त्याची उष्णता पाणी घेऊन जाते आहे. एखादे चटका देत असेल तर त्यात पाणी पोहोचत नाही किंवा हवा अडकली आहे. नवख्यांना नेमके उलटे वाटते, गरम पॅनेल पाहून समाधान होते.

तिसरी गोष्ट हवेची, आणि सर्वात जास्त यंत्रणा इथेच फसतात. पंप थांबला की पॅनेलमधले पाणी आपोआप खाली उतरायला हवे. गोठणाऱ्या थंडीत तर ते अत्यावश्यक आहे, आत राहिलेल्या पाण्याचा बर्फ झाला की नळ्या फुटतात. पण पाणी उतरायचे तर त्याच्या जागी हवा शिरायला वाट पाहिजे. ती नसेल तर खाली उतरणारा पाण्याचा स्तंभ पॅनेलला आतून ओढतो. छप्पर ५ मीटर उंच असेल तर ही ओढ वातावरणाच्या दाबाच्या जवळपास निम्मी असते. पातळ नळ्या त्याने चपट्या होतात. यासाठीच व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह असतो: आत दाब असताना बंद, ओढ लागली की उघडून हवा आत घेणारा.

हा व्हॉल्व्ह कुठे लावायचा यावरच सगळी गफलत होते. हवा वर जाते, म्हणून सर्वात उंच जागी, परतीच्या पाइपच्या डोक्यावर लावा, असे सांगितले जाते. तिथे लावू नका. परतीचे पाणी जोरात खाली धावत असताना त्या उंच जागी पंप चालू असूनही ओढ तयार होते, व्हॉल्व्ह उघडा पडतो आणि दिवसभर हवा आत खेचतो. तलावाच्या नोझलमधून सतत बुडबुडे येतात, पंपावरचा भार वाढतो आणि पाणी कमी फिरते. व्हॉल्व्ह येणाऱ्या पाण्याच्या बाजूला लावा: खालच्या हेडरच्या बंद टोकाला किंवा पाणी वर नेणाऱ्या पाइपवर, पॅनेलपाशी. पंप चालू असताना तिथे दाब असतो, म्हणून व्हॉल्व्ह घट्ट बंद राहतो. पंप थांबल्यावर दाब जातो आणि तो उघडतो.

पंप सुरू झाल्यावर पहिला मिनिट-दीड मिनिट बुडबुडे येणे साहजिक आहे, पॅनेलमधली हवा बाहेर पडत असते. ते थांबलेच नाहीत तर पाणी पॅनेलकडे न पाठवता थेट तलावात सोडून पाहा. तरीही बुडबुडे येत असतील तर हवा पंपाच्या ओढीच्या बाजूने येते आहे. पंपाच्या जाळीच्या झाकणाची रबरी रिंग आधी बघा. सोलर बंद केल्यावर बुडबुडे थांबले तर दोष रिलीफ व्हॉल्व्हच्या जागेचा आहे. परतीच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून वरचा दाब वाढवता येतो, पण त्यात प्रवाह घटतो. मी तो तात्पुरता इलाज मानतो. जागा बदलणे हाच खरा उपाय. आणि काहीही झाले तरी बुडबुडे थांबवायला रिलीफ व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग ठोकू नका. बुडबुडे लगेच थांबतील, पॅनेल मात्र जातील.

चौथी गोष्ट, उतार. पाणी आत येणारा कोपरा सर्वात खाली आणि बाहेर जाणारा सर्वात वर असावा. पूर्ण ओळीत टोकापासून टोकापर्यंत दोन-चार सेंटीमीटरचा फरक पुरतो. हेडर मध्येच झोल खात असेल तर तिथे पाणी साचून राहते. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पाहा.

राहिले नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे. एक फिल्टरनंतर, पॅनेलकडे वळण्याआधी. तो नसेल तर उतरणारे पाणी फिल्टरमधून उलटे जाते आणि साठलेला गाळ सोबत घेऊन येते. दुसरा क्लोरीन सोडणाऱ्या उपकरणाच्या अलीकडे, म्हणजे तीव्र क्लोरीन मागे सरकून पॅनेलमध्ये जाणार नाही. क्लोरीनचे उपकरण नेहमी सोलरच्या परतीनंतर, सर्वात शेवटी. गॅसचा हीटर असेल तर तो सोलरनंतर आणि क्लोरीनआधी. पहिल्या नॉन-रिटर्नमुळे वर नेणाऱ्या पाइपमधले पाणी अडकून राहते, म्हणून सोलरसाठी बनवलेल्या काही थ्री-वे व्हॉल्व्हमध्ये (पाणी पॅनेलकडे किंवा थेट तलावाकडे वळवणाऱ्या) ते निचरायला बारीक छिद्र असते. तुमच्यात नसेल तर सर्वात खालच्या बिंदूवर निचऱ्याचा नळ हवाच.

पॅनेलला चिकटून साधे पीव्हीसी वापरू नका. कोरडे पॅनेल भर उन्हात बरेच तापते आणि पीव्हीसी ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागते. पहिला थोडा भाग सीपीव्हीसीचा (जास्त उष्णता सोसणाऱ्या पीव्हीसीचा) आणि जोड लवचिक रबराचे ठेवा. उन्हात उघडा राहणारा पाइप रंगवा.

५. कंट्रोलर आणि सेन्सर

कंट्रोलर दोन सेन्सरची तापमाने पाहून पॅनेलकडे जाणारे पाणी सुरू-बंद करतो. एक सेन्सर पॅनेलशेजारी, त्याच उतारावर, त्याच उन्हात. दुसरा पंपाच्या ओढीच्या पाइपवर, सावलीत. पॅनेलचा सेन्सर पाण्यापेक्षा ३ ते ५ अंशांनी गरम झाला की सुरू आणि फरक १-२ अंशांवर आला की बंद, असे लावा. कमाल तापमान २८ ठेवा. त्यापुढे क्लोरीन भराभर संपते आणि शेवाळ धरते. उन्हाळ्यात तलाव फारच तापला तर हीच पॅनेल रात्री चालवून तो गारही करता येतो.

६. पहिला आठवडा

रोज सकाळी आणि संध्याकाळी, एकाच जागी, हातभर खोलीवरचे तापमान लिहा. दिवसाची वाढ कमी दिसली तर पॅनेलमधला प्रवाह तपासा. दिवसा वाढ चांगली असून रात्री सगळी जात असेल तर कव्हर कडेला उघडे राहते आहे का ते बघा. क्लोरीन या आठवड्यात रोज मोजा, कारण पाणी तापू लागले की जुने प्रमाण पुरत नाही. क्लोरीनचा मोठा डोस दिलात तर पातळी खाली येईपर्यंत कव्हर पसरू नका, नाहीतर फुगे ठिसूळ होऊन गळू लागतील.